अण्णांनी तीनदा नापसंत केलेलं घर

दिनकर अण्णांनी उभ्या आयुष्यात मोनोब्लॉकच्या अकरा जोड्या बनवल्या. त्यातली एक आमच्या हॉलमध्ये आहे. हॉल मी बांधला, वायरिंग मी बदललं, गालिचा मी आणला, स्पीकर मी आणले, आणि ती जोडी मात्र माझी नाही. अण्णांच्या लेखी ती 'वहिनींची' आहे. वहिनी म्हणजे माझी बायको, शालन. या गोष्टीचा मला राग आहे. तो मी कुणापासून लपवलेला नाही आणि हे लिहितानाही लपवणार नाही. माणूस मोठा होता म्हणून त्यानं केलेला अन्याय लहान होत नाही.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. गाणं ऐकायच्या चांगल्या सेटमध्ये आवाज वाढवायचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिला डबा प्री-अँप. तो लहान आणि शांत. कुठलं गाणं लावायचं, आवाज किती ठेवायचा, हे त्याच्याकडं. त्याच्यामागं ताकदीचा डबा, जो स्पीकर हलवतो. बहुतेक घरांत डाव्या-उजव्या स्पीकरना मिळून ताकदीचा एकच डबा असतो. मोनोब्लॉक म्हणजे दोन्ही स्पीकरना वेगवेगळे डबे. दोन शेतांना मिळून एक मोटर, आणि दोन शेतांना दोन मोटरी, एवढाच फरक समजा. पण ज्यानं दोन मोटरींचं पाणी बघितलंय त्याला एका मोटरीचं आवडत नाही.

मला स्वतःला हे कळलं ते अपघातानं. शाहूपुरीत माझं शेतीपंपांचं दुकान आहे. शिरोळकडून कोल्हापुरात आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलत होतो, मग जळक्या मोटरींत नवी तार भरायला शिकलो, मग स्वतःचं शटर, मग दुसरं. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडं बोअरचा पंप बसवायला माणसं घेऊन गेलो होतो. काम झालं, सांगायला हॉलमध्ये शिरलो, तर आत एक बाई गात होती. मी दारातच मागं सरकलो. म्हटलं, घरात कार्यक्रम चाललाय. बघतो तर डॉक्टर एकटेच खुर्चीत. बाई नव्हतीच! भिंतीकडं दोन स्पीकर होते आणि आवाज त्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेतून येत होता, साधारण शालनच्या उंचीवरून. स्पीकरशेजारी लाकडी बैठकीवर एकेक डबा, त्यावर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, आत निखाऱ्यासारखी लाली. 

"कितीला पडले?" मी विचारलं. माझ्या तोंडून आधी दुसरं काही निघतच नाही.

डॉक्टर हसले. "विकत घेतो म्हणून मिळत नाहीत हो हे. दिनकर अण्णा आधी घर बघायला येतात. पसंत पडलं तर देतात."

"मुलगी देतात तसं?"

"अगदी तसंच. चहा-पोह्यांसकट."

त्याच दिवशी संध्याकाळी मी अण्णांची खोली गाठली. आमच्या दुकानापासून चार गल्ल्या पलीकडं, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. इतकी वर्षं मी त्या गिरणीत दळण टाकत होतो आणि माझ्या डोक्यावर हा माणूस बसलेला मला माहीत नव्हता.

अण्णा साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, उजवा कान किंचित पुढं काढून चालायचे, जणू कुणीतरी मागून हाक मारलीय आणि ते खात्री करतायत. चष्म्याची तुटलेली दांडी सोल्डरच्या तारेनं बांधलेली. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर आणि बारीक चिमटा. खालची गिरणी चालू असेपर्यंत ते ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे, कारण त्याला कान लागत नाही. दुपारी गिरणी बंद झाली की ऐकायचं काम. ऐकायला बसण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून बाहेरच्या खिडकीत ठेवायचे. टिकटिक नको म्हणून. गाणं चालू असताना चहा प्यायचे नाहीत, भुरका वाजतो म्हणून. त्यामुळं मी त्यांना गरम चहा पिताना कधीच बघितलं नाही. गार झालेला, साय धरलेला चहा एका घोटात संपवायचे आणि वर म्हणायचे, "झकास."

'किती वॅट?' या प्रश्नाचा त्यांना भारी तिटकारा. एकदा माझ्यासमोर एका गणेश मंडळाची पोरं आली होती. अण्णांचं नाव ऐकून आलेली. म्हणाली, "अण्णा, मिरवणुकीला असं मशीन पायजे की पलीकडच्या मंडळाच्या काचा फुटल्या पायजेत."

अण्णांनी विचारलं, "गाणं कुठलं लावणार?"

"कुठलंबी. गाण्याचं काय न्हाय."

"मग माझ्याकडं कशाला आलासा? जेसीबी बोलवा की. भाड्यानं मिळतोय."

दुसरी सवय टाळीची. कुठल्याही नव्या जागेत पाऊल टाकलं की अण्णा एकच टाळी वाजवायचे आणि मान तिरकी करून ती टाळी कुठं जाऊन विरते ते ऐकायचे. बँक असो, लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो. जोतिबाला आम्ही एकदा बरोबर गेलो होतो. दर्शन झालं, आणि दगडी मंडपात उभं राहून अण्णांनी टाळी दिली. शेजारच्या पावण्यांना वाटलं आरती सुरू झाली. त्यांनीही टाळ्या धरल्या. त्यांचं बघून मागच्यांनी धरल्या. एका म्हातारीनं तर खणखणीत आवाजात आरती उचलली. सगळा मंडप टाळ्या वाजवतोय आणि मध्ये अण्णा हात वर करून ओरडतायत, "अवो, थांबा की जरा! ऐकू द्या की!" गुरव आमच्याकडं असे बघत होते की मी अण्णांच्या दंडाला धरून बाहेर ओढलं. बाहेर आल्यावर म्हणतात, "दगूड चांगला हाय पर." म्हणजे मंडप पसंत होता. आमचा हॉल झाला नाही.

तो प्रसंग सांगतो. मी प्री-अँप आणि स्पीकर आधीच पुण्याच्या एका माणसाकडून घासाघीस करून आणून ठेवले होते. बंगल्याला सहा महिने झालेले. ग्रॅनाइटची फरशी, एका बाजूला पूर्ण काच, वर प्लास्टरची नक्षी. बघायला येणारा प्रत्येक जण दारातच "वाऽऽ" म्हणायचा. अण्णा आले, दारात उभे राहिले आणि टाळी वाजवली. टाळी काचेवर गेली, फरशीवर आली, छताला लागली आणि खणखणत परत आली.

"पावणं," अण्णा म्हणाले, "हे घर हाय का मंगल कार्यालय?"

माझं डोकं तिथंच फिरलं, पण गरज माझी होती. मग त्यांनी खिशातून टेस्टर आणि पिशवीतून मीटर काढला, डावीकडच्या स्पीकरजवळचा प्लग बघितला, गुडघ्यावर रांगत उजवीकडचा बघितला.

"ह्यो एका फेजवर, त्यो दुसऱ्या फेजवर. अर्थिंगबी दोघांचं निराळं. हितं एक डबा आणि तितं एक डबा लावला तर दोघं एकमेकाशी भांडत बसतील. गाणं राह्यलं बाजूला, तुमास्नी नुसती घूंऽऽ घूंऽऽ ऐकू यील."

"मग काय करायचं?"

"दोन्हीला एकाच बोर्डावरनं लाईट पायजे. भिंत फोडा."

"अण्णा, सहा महिने झालेत घराला! निम्मीच फोडली तर चालेल का?"

अण्णांनी मीटर पिशवीत टाकला. "भिंतीशीबी भाव करतायसा व्हय?"

शालन पोहे घेऊन आली. अण्णांनी खाल्ले, छान झालेत म्हणाले, आणि मग मला विचारलं, "ह्या घरात गाणं ऐकणार कोण?"

"कोण म्हणजे? मी!"

"मी आल्यापास्नं तुम्ही बोलतायसा," अण्णा म्हणाले. "ऐकणार कवा?" आणि उठताना म्हणाले, "कळवतो."

मुलगी बघायला आलेल्यांनी 'कळवतो' म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मी रात्रभर तळमळलो. दुसऱ्या दिवशी भिंत फोडायला माणसं लावली.

भिंत फुटली. नवीन जाड वायर पडली, एकच बोर्ड, एकच अर्थिंग. खाली जाडजूड गालिचा आला, काचेवर पडदे आले, मागच्या भिंतीला मी पुस्तकांचं कपाट केलं आणि त्यात पुस्तकं नव्हती म्हणून पंपांचे कॅटलॉग भरले. अण्णांना दुसऱ्यांदा बोलावलं. त्यांनी टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच बसली. अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. बोर्ड बघितला, कपाट बघितलं, एक कॅटलॉग उघडून परत ठेवला. बसले. शालन पोहे आणायला आत गेली. मला वाटलं, झालं. आणि मी बेधडक विचारलं, "अण्णा, आता जोडीचं काय ते सांगून टाका."

अण्णांनी आकडा सांगितला. लाकूड, तांबं, व्हॉल्व्ह, एवढ्याचाच होता तो, त्यात मजुरी नव्हतीच. हे मला पुढं कळलं. त्या क्षणी मी काय केलं? तीस वर्षांच्या सवयीनं तोंड उघडलं आणि निम्मा आकडा सांगितला.

अण्णा उठले.

मी घाबरलो आणि दुप्पट सांगितला. अण्णांनी चपला घातल्या.

"अहो अण्णा, दुप्पट म्हणतोय मी!"

"ऐकलं की. मगाशी लेकीचा भाव पाडत हुता, आता बोली लावतायसा. ह्यात बरं कंचं म्हणायचं?" असं म्हणून ते पायऱ्या उतरून गेले. गडबडीत चष्मा आमच्या टेबलावर राहिला. दुसऱ्यांदा नापसंत. त्या दिवशी मी घरात कुणाशी नीट बोललो नाही, आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं घालवली.

चष्मा परत करायला मी जाणार नव्हतो. शालन गेली. "दळण पण टाकायचंय," म्हणाली. तासाभरात येणारी बाई, दोन तास झाले तरी पत्ता नाही. आली ती चेहरा असा की जत्रेतून आलीय. अण्णांच्या खोलीत सनई लागली होती म्हणे. ही दारातच उभी राहिली. अण्णांनी हातानं बसा म्हटलं. ही बसली, संपेपर्यंत बसली, आणि संपल्यावर तिनं अण्णांना एक प्रश्न विचारला.

"अण्णा, त्या सनईवाल्याला सर्दी झालती का हो?"

हा प्रसंग अण्णांनी नंतर निदान पन्नास माणसांना माझ्यासमोर सांगितलाय. ते म्हणायचे, त्या वादकाचा नाकातून ओढलेला श्वास त्यांना गेली पंधरा वर्षं ऐकू येत होता. डाव्या बाजूला, किंचित खाली. मोठमोठे जाणकार त्या खोलीत येऊन बसून गेले, राग कुठला ते बोलले, वॅट किती ते बोलले. "पर त्या माणसाचं नाक चोंदलंय हे ह्या माउलीनं एका बैठकीत वळीखलं!"

शालन मला एवढंच म्हणाली, "अण्णा सोमवारी आणतो म्हणालेत."

"काय आणतो?"

"जोडी. आपल्याकडं."

"अगं, पण माझ्याशी व्यवहार..."

"तुमच्याशी न्हाई म्हणाले. मला दिली म्हणाले."

सांगा आता. घर माझं, खटपट माझी, भिंत माझी फुटली, आणि पसंती हिची! मला आनंद झाला का? झाला. इतका झाला की शनिवारी आणि रविवारी मी दुकानात बसूच शकलो नाही. पण सल तो सलच.

सोमवारी अण्णा रिक्षातून जोडी घेऊन आले. मागच्या सीटवर दोन डबे आणि अण्णा पुढं, ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसलेले. आल्या आल्या त्यांनी मेन बोर्डाचं बटण बंद केलं. गालिच्यावर पांढरं धुवट धोतर पसरलं. प्री-अँप उजव्या स्पीकरच्या बाजूला ठेवला, आणि डबे एकेका स्पीकरच्या शेजारी.

"स्पीकरची तार जेवढी आखूड तेवढी बरी," ते म्हणाले. "म्हणून डबा स्पीकरच्या उशाला. लांबायचं ते प्रीपास्नं डब्यापतूर लांबंना का."

त्या तारा मी आणल्या होत्या. डावा डबा लांब होता म्हणून त्याची चार मीटर, उजवा जवळ म्हणून त्याची दोन मीटर. उगीच जास्त कशाला घ्यायची? अण्णांनी दोन्ही तारा हातात धरून तोलल्या.

"दोन बहिणींस्नी दोन मापाची लुगडी घेतलासा?"

"अण्णा, मी इंजिनिअरला विचारलंय. आवाजात काही फरक पडत नाही."

"न्हाय पडत," अण्णांनी लगेच कबूल केलं. "मलाबी ठावं हाय. पर मला तसं जोडता येत न्हाय." आणि पिशवीतून त्यांनी स्वतः बनवलेल्या चार-चार मीटरच्या दोन तारा काढल्या. जवळच्या बाजूची उरलेली तार त्यांनी गुंडाळी करून टाकली नाही. गालिच्यावर नागमोडी, सैल पसरली. लाईटची वायर जिथं आडवी आली तिथं ही तार तिच्या शेजारून न नेता काटकोनात ओलांडली. प्रीच्या मागं डावं भोक, त्यातनं डाव्या डब्याला. उजवं भोक, उजव्या डब्याला. प्रत्येक जोड बसवला की अंगठ्यानं हलवून बघायचे, आणि ओठ हलायचे. काहीतरी पुटपुटायचे. मी विचारलं तर म्हणाले, "डावं डावं म्हणतोय. चुकायला एक क्षण पुरतोय."

मग आम्हा दोघांना समोर बसवलं. "आता ऐका. पंगतीत पोरं आधी बसत्यात का न्हाईत? तसं, सुरू करताना आधी धाकलं, म्हंजे प्री. त्यो स्थिर झाला की मग ही थोरली दोन. आणि उठताना?"

"थोरले उठल्याशिवाय पोरांनी उठायचं नाही," शालन म्हणाली.

"बरोब्बर! बंद करताना आधी ही दोन, मग प्री. उलटं केलं तर प्रीचा धक्का ही थोरली जशीच्या तशी मोठी करून स्पीकरला घालत्यात. धाडदिशी." मग माझ्याकडं वळून, "म्हणा."

मी, दोन दुकानांचा मालक, गालिच्यावर मांडी घालून म्हटलं, "बसताना धाकलं, उठताना थोरलं."

प्री लागला. थोड्या वेळानं डावा डबा, मग उजवा. व्हॉल्व्हमध्ये हळूहळू लाली चढली. आम्ही बसलोय. मिनिट गेलं. काहीच नाही. मी स्पीकरला कान लावला. काहीच नाही! मी ताडकन उठलो. "अण्णा, चालूच झालं नाही! वायरमननं घोळ घातला बघा, त्याला आत्ता बोलावतो..."

"बसा," अण्णा म्हणाले. "चालू हाय. घरघर न्हाय म्हणून तुमास्नी कळंना झालंय."

आणि त्यांनी आवाजाची खुंटी किंचित फिरवली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. सनई आधी डावीकडून आली नाही आणि उजवीकडूनही आली नाही. दोन स्पीकरच्या मध्ये, रिकाम्या हवेत, एक माणूस बसला आणि वाजवायला लागला. शालननं हात पुढं केला, दारातल्या पावण्याला या म्हणावं तसा. मी "आयलाऽऽ!" म्हणून ओरडलो. अण्णांनी माझ्याकडं न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो दाबून धरला. सनई संपेपर्यंत धरला. मी तेवढा वेळ गप्प बसल्याचं शालन आजही लोकांना नवलानं सांगते.

दोन वर्षं सुखात गेली. सुखात म्हणजे, येणारा-जाणारा "वहिनींचा सेट ऐकायला आलोय" म्हणायचा, आणि मी चहा सांगायचा. तेवढं सोडून.

मग आली खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा. दुकानात मोटरींना, पंपांना हार घालून मी घरी आलो, तर शालननं घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा मांडलेली. मिक्सर, शिलाई मशीन, गाडी, आणि अर्थात तिची जोडी. दोन्ही डब्यांना झेंडूचे हार, हळदीकुंकवाची बोटं, आणि वरून ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता. व्हॉल्व्हच्या बुडाशी हवा जायला बारीक भोकं असतात. अक्षता सरळ त्यातून आत गेल्या.

त्याच वेळी माझा मेहुणा आला. मी पोती उचलत होतो तेव्हापासून हा मेहुणा मला ओळखतो आणि ते विसरत नाही. मला त्याला ऐकवायचं होतं, आत्ता, लगेच. मी गेलो आणि दोन्ही मोनोब्लॉक एकदम सुरू केले. प्री नंतर लावला. स्पीकर धाडकन दणकला, डाव्या डब्यातून चट् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि लाली गेली.

मी मेहुण्यासमोर शालनवर ओरडलो. घर डोक्यावर घेतलं. तुझा सेट, तुझ्या अक्षता! तेवढ्यावर थांबलो नाही; अण्णांना फोन लावला. "अण्णा, तुमच्या लाडक्या वहिनीनं तुमच्या लेकीवर अक्षता टाकल्या. लागलं लग्न. या बघायला."

अण्णा अर्ध्या तासात आले. डबा उलटा केला, तळ उघडला आणि चिमट्यानं एकेक लाल दाणा काढून धोतरावर ठेवला. सात दाणे निघाले, आणि झेंडूची एक पाकळी. शालन भिंतीला टेकून उभी, डोळ्यांत पाणी.

"वहिनी," अण्णा मान वर न करता म्हणाले, "पुढल्या साली प्लग काढायचा आणि त्याला लावायचं हळदीकुंकू. तेवढी पूजा पोचत्या." मग मला विचारलं, "सुरू कुणी केलं?"

शालननं पदरानं डोळे पुसले. मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं.

"मी," मी म्हटलं.

"आधी काय लावलं?"

मी छताकडं बघितलं.

अण्णांनी तळ लावला, डबा धोतरात बांधला. "ही मी न्हेतो."

"दुरुस्तीला ना?"

"न्हेतो," एवढंच. तिसऱ्यांदा नापसंत. लेक माहेरी निघाली होती, आणि नांदायला परत येईल की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

उजवा डबा एकटा राहिला. तो लावला तर अर्धं गाणं यायचं. शालन तेही लावेना. चार दिवस मी कळ काढली, पाचव्या दिवशी गिरणीच्या माडीवर गेलो. भांडायला गेलो होतो, खरं सांगतो. पायरीवरच वाक्यं जुळवली होती. वर जाऊन बघतो तर डबा उघडा पडलेला, अण्णा खिडकीशी, आणि हातात सोल्डरिंग आयर्न. त्याचं टोक हवेत थरथरत होतं. अण्णा दुसऱ्या हातानं मनगट धरून ते थांबवायला बघत होते. मला बघून त्यांनी आयर्न स्टँडवर ठेवलं.

"हातात घाई आल्या जरा," ते म्हणाले.

मी तिथंच खाली बसलो. मग रोज दुपारी, गिरणी बंद झाली की, जाऊन बसायला लागलो. अण्णा जळलेला ट्रान्सफॉर्मर उलगडायचे, नवी तार गुंडाळायचे, थकले की थांबायचे. मी वेढे मोजायचो. भाव, व्याप, मेहुणा, कशावरच बोलणं नाही. तो डबा परत मिळेल का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. तीन महिन्यांनी अण्णांनीच सांगितलं की त्यांची गडहिंग्लजला दिलेली लेक त्यांना घेऊन जाते म्हणतीय, खोली सोडायची आहे.

जायच्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन आमच्याकडं आले. एका खांद्याला कपड्यांची पिशवी, रिक्षात डबा. डबा स्पीकरशेजारी ठेवला, पुन्हा तळ उघडला. स्पीकरला जाणारा एकच जोड राहिला होता. तो म्हणे जागेवरच करायचा. आयर्न तापलं. अण्णांनी उचललं, टोक हललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं. शालननं खिडकीबाहेर बघितलं.

"पावणं," अण्णा म्हणाले, "मोटरी भरायचासा म्हणं तुम्ही."

"भरायचो."

"मग धरा."

मी धरलं. माझे हात मोटरींचे, जाड काम. जोड केला. अण्णांनी चष्मा सावरून बघितलं. "काढा." काढला, पुन्हा केला. "गार हुयाच्या आदी हललासा. काढा." एरवी दुसऱ्यांदा 'काढा' म्हणणाऱ्याला मी पायरीपर्यंत सोडून आलो असतो. तिसऱ्यांदा केला, आणि तो चकचकीत होऊन स्थिरावेपर्यंत श्वासही घेतला नाही. अण्णांनी वाकून बघितलं. नखानं एकदा टोकरलं. आणि तळाचे स्क्रू माझ्या हातात दिले.

मी स्क्रू लावले, डबा सरळ केला, प्री लावला. मग डावा, मग उजवा. लाली चढायला वेळ लागतो. तेवढ्यात मागं बघतो तर अण्णा दारात, चपला घालतायत.

अकरा जोड्या या माणसानं अकरा घरांत दिल्या. पहिला सूर ऐकल्याशिवाय एकाही घरातून उठला नव्हता.

"अण्णा, ऐकून तर जावा! अर्धं मिनिट!"

"तुम्ही ऐका," अण्णा पायऱ्या उतरत म्हणाले. "मला यष्टी गाठायची हाय."

मी खिडकीशी धावलो. उजवा कान पुढं, पिशवी खांद्यावर, लांब लांब टांगा टाकत ते गेटातून बाहेर पडले. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी एक टेम्पो आडवा आला, तो जाईपर्यंत थांबले, आणि वळले. मागं हॉलमध्ये शालननं खुंटी फिरवली.